घरात आग्रह फार

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी सवाष्ण जेवू घालायची असली की पहिला निरोप मला यायचा. मंगळवारी, शुक्रवारी, नवरात्र उठल्यावर, लेकीचं लग्न पार पडल्यावर, सून सुखरूप बाळंत झाल्यावर, एवढंच काय, बोअरला पाणी लागल्यावरसुद्धा. ढोकीच्या आसपास तुळजाभवानीला नवसाचं काही ना काही बोललेलं नाही असं घर सापडायचं नाही, आणि बोललेलं असतं ते बहुतेक जेवणच असतं. नवरा हयात असलेली बाई पाटावर बसवायची, तिची ओटी भरायची, पुरणावरणाचं पोटभर वाढायचं. ती तृप्त होऊन उठली तर देवी जेवली. ती अर्धपोटी उठली तर सगळा खटाटोप पाण्यात गेला. म्हणून सवाष्ण निवडताना आमच्याकडच्या बायका कुंकवाइतकीच भूकही बघतात.

त्या बाबतीत मी कुणाला कधी निराश केलं नाही. "बाईंनी ताटात शीत ठेवलं न्हाय बघा," असं म्हणत बायका मला दारापर्यंत सोडायला यायच्या, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, आदर्श पुरस्कार मिळाल्यासारखी पदर सावरत घरी यायची. पुढं पुढं गुडघे पाटावरून उठू देईनात. मग मला पाटाऐवजी खुर्ची मिळायला लागली. देवीची सवाष्ण प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्टुलावरच्या ताटात जेवतेय, हे चित्र बघून खरं तर तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

माझा नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. उसाचा ट्रॅक्टर भरलेला आत जाताना मोजायचा, रिकामा बाहेर येताना मोजायचा, हेच त्याचं काम. बायकोची एवढी भर कुठून पडते, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. मी शंभराच्या पुढं गेले, तेव्हाही तो फक्त म्हणाला, "स्कूटीच्या चाकात हवा बघत जा." मला बरीच वर्षं साखरेचा आजार होता. गोळ्या झाल्या, मग पोटात सुया टोचून घ्यायची वेळ आली. फळ्यावर एक धडा लिहून झाला की मी दम लागून टेबलाला टेकायची. शेवटी धाराशिवच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात टेकले. वजन कमी करायचं ऑपरेशन असतं, सोलापूरचे एक सर्जन दर गुरुवारी इथल्या दवाखान्यात येतात, त्यांना एकदा दाखवा, असं ते म्हणाले.

दाखवायला निघालो तर सासूबाई आधीच नेसून ओट्यावर बसलेल्या. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्या सत्तरीच्या, अंगानं तुरीच्या काटकीसारख्या. मी म्हणाले, "तुम्ही कशाला दगदग करता?"

"पोट कापायचं म्हणत्यात. घरातलं मोठं माणूस नगं का संगं?" असं म्हणून त्या पुढं चालायला लागल्या.

सर्जन वयानं तरुण होते आणि त्यांना चित्रं काढायची हौस होती. त्यांनी कागदावर दोन जठरं काढली. पहिल्यात जठर उभं कापलं आणि कापलेला मोठा भाग पेनानं खोडून टाकला. उरलं ते केळ्याएवढं. याला स्लीव्ह म्हणायचं. खोडलेलं ते खोडलं, परत यायचं नाही. दुसऱ्या चित्रात वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी ठेवली आणि आतडं खालून उचलून तिला जोडून दिलं. उरलेलं जठर जागच्या जागी, पण अन्न त्याच्याकडं फिरकायचं नाही. हे बायपास. मला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. आत्यांना एकदाच.

"म्हंजी कालव्याला मधीच चारी फोडायची," त्या म्हणाल्या. "मधलं रान कोरडं ऱ्हातंय."

"अगदी बरोबर, आजी," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. जुनी साखर असेल तर बायपासचा गुण जास्त येतो. छातीत जळजळ होत असेल तर स्लीव्हनं ती वाढते. आणि गोड खायची सवय असेल तर स्लीव्ह तिला अडवत नाही, गोड सुळकन खाली उतरतं आणि वजन परत चढतं. बायपासमध्ये मात्र गोड खाल्लं की शरीर तिथल्या तिथं शिक्षा करतं. घाम सुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. "दोन्ही ऑपरेशनं चांगली आहेत," ते म्हणाले. "पण तुम्हाला कोणतं, ते तुम्ही मला खरं काय सांगता त्यावर आहे. वजन एवढं वाढलं कसं? खाणं कसं आहे?"

आणि मी म्हणाले, "घरात आग्रह फार असतो, डॉक्टर."

एवढंच म्हणाले. म्हणताना नजर मात्र शेजारच्या खुर्चीकडं गेली. डॉक्टर हसले, आत्यांना म्हणाले, "आजी, सुनेला आता आग्रह करायचा नाही बरं का."

आत्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "व्हय सायेब," त्या म्हणाल्या.

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आमच्या घरात ज्वारीची भाकरी, येसर मसाल्याची आमटी, शेंगाची चटणी, कधी पिठलं. तेच खाऊन नवरा काडी राहिला, तेच खाऊन आत्या काटकी राहिल्या. मी फुगले ती बाहेरच्या खाण्यानं. भूमकडच्या खव्याच्या पेढ्यांचा पुडा माझ्या शाळेच्या पिशवीत कायम असायचा. मधल्या सुट्टीत दोन, शाळा सुटल्यावर दोन, केंद्रप्रमुख येऊन डाफरून गेले की मोजदाद नाही. बसस्टँडवरची भजी वेगळी आणि सवाष्णीची ताटं वेगळी. आणि आग्रह म्हणाल तर आत्यांना आग्रह करताच येत नाही. त्या तरुणपणी बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन जगलेल्या. ज्याला नको त्याला दुसऱ्यांदा विचारू नये, त्याचा घास दुसऱ्याच्या कामी येतो, असा त्यांचा हिशेब. तेवीस वर्षांत "अजून एक घे" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. त्या गुपचूप वाढायच्या आणि मी गुपचूप खायची, एवढाच आमचा व्यवहार.

दुसऱ्या दिवसापासून तो व्यवहारही बंद झाला. आत्यांनी भाकऱ्यांची दुरडी आणि आमटीचं भांडं मध्ये ठेवलं आणि त्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "घे तुज्या हातानं. म्या वाढलं की जास्ती पडतंय."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. राग नव्हता. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं आणि त्या पथ्य पाळत होत्या. मी माझ्या हातानं आमटी वाढून घेतली. नवऱ्यानं विचारलं, "आईला काय झालं?" मी म्हणाले, "काय माहीत." माझ्या घशाखाली तो घास मोठ्या कष्टानं उतरला. पण उतरला.

तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं की मी खोटं बोलले. मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या वाटलं, आता एवढ्यावरून कशाला उकरायचं. मग मंगळवार आला.

मंगळवारी आमच्याकडं देवीच्या परडीला नैवेद्य असतो. परडी म्हणजे देवघरातली वेताची टोपली, देवीच्या नावाची. नैवेद्य दाखवून झाल्यावर मी चहा केला. आत्यांनी त्यांचा चहा आधीच वेगळ्या पातेल्यात काढून घेतला होता. मी म्हणाले, "आत्या, त्यात साखर नाही."

"ठावं हाय. सोडली."

"का?"

"बोललेय आईला." त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या. "सुनंचं नीट हू दे. तिची साखर जाऊ दे. तुज्या दारात, तुळजापुरात, हिलाच सवाष्ण बसवीन. म्या सोता रांधून पुरणाचं पोटभर जेवू घालीन. तवर गोड म्हणून तोंडात घालणार न्हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून नवस, आणि ऑपरेशन नीट झालं की नवस फिटणार नाही! डॉक्टरांची चित्रं त्यांनीही पाहिली होती, चारी कशी फुटते ते त्यांनाच आधी समजलं होतं. पण देवीपुढं हात जोडताना आमच्या माणसांना जेवणाशिवाय दुसरं काही देण्यासारखं सुचतच नाही. ज्या रोगाची मुळं ताटात होती त्याच्यावर आत्यांनी ताटच बोललं होतं.

मी म्हणाले, "आत्या, मला पुरण चालणार नाही. बायपास केलं तर कधीच नाही."

 बशी ओठाशी तशीच राहिली. मग म्हणाल्या, "बोलून झालंय आता," आणि कडू चहा पिऊन बशी घासायला घेऊन गेल्या.

बोललेलं मागं घेता येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणजे आता असं होतं. मी बायपास केलं, तर ही बाई मरेपर्यंत गुळाचा खडा तोंडात घालणार नव्हती. मी स्लीव्ह केलं, तर नवस फिटणार होता, पण साखर हटेल याची खात्री नव्हती, आणि रात्री छातीत पेटणारी चूल आणखी भडकणार होती. ही जळजळ मी डॉक्टरांना सांगितलीच नव्हती.

मी स्लीव्ह ठरवलं. नवऱ्याला म्हणाले, "अहो, त्यांनी जन्मभर कडू चहा प्यायचा का? माझं जरा कमीजास्त झालं तर चालेल." नवऱ्याचे डोळे भरून आले. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असं काहीसं तो पुटपुटला. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

लाज वाटते ती इथं. आत्यांचा नवस कळायच्या आधीच, डॉक्टरांच्या टेबलावरची दोन चित्रं बघतानाच, माझ्या मनानं स्लीव्ह धरलं होतं. गोड सुळकन खाली उतरतं, हे वाक्य डॉक्टरांनी इशारा म्हणून सांगितलं आणि मी आश्वासन म्हणून ऐकलं. आता त्या हावरेपणाला आयता नवस मिळाला. वजन वाढलं ते आत्यांच्या आग्रहानं आणि स्लीव्ह करायचं ते आत्यांच्या नवसासाठी. दोन्ही वेळा बंदूक त्यांच्याच खांद्यावर, आणि तो खांदा तरी केवढा, चिमणी बसली तर वाकेल असा.

नवऱ्यानं त्याच्या परीनं तोडगा काढून पाहिला. जेवताना तो आईला म्हणाला, "आई, ऑपरेशननंतर हिचं पोटच येवढंसं होणार. दोन घासांत भरंल. म्हंजी पोटभर झालंच की. देव भावाचा भुकेला."

"तुज्या काट्यावर चालतंय आसलं?" आत्यांनी विचारलं.

"आमचा काटा सरळ हाय," नवरा दुखावून म्हणाला.

"मग देवीचा वाकडा हाय व्हय?"

तो विषय तिथंच संपला.

त्या दिवसांत एकदा शनिवारची सकाळची शाळा करून मी लवकर घरी आले. आत्या पायरीवर बसल्या होत्या. माझी शाळेची जुनी पिशवी, जी धुवायची म्हणून मी घरी ठेवली होती, ती त्यांनी उलटी केली होती आणि त्या ती झटकत होत्या. तांबड्या मुंग्यांची रांग पायरीवरून भिंतीकडं चालली होती. पिशवीच्या शिवणीत पेढ्यांचा भुगा बसलेला. आत्यांनी मला पाहिलं. पिशवी आणखी एकदा झटकली.

"खडूलाबी मुंग्या लागायल्यात आताशा," त्या म्हणाल्या.

"काहीतरी सांडलं असेल," मी म्हणाले.

त्या उठल्या. पिशवी धुवून दोरीवर वाळत घातली. पुढच्या सोमवारी मी पुडा पिशवीतून काढून शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यांमागं ठेवला. माझ्यात झालेली सुधारणा ती एवढीच. घरी सकाळी आत्या कडू चहा पीत होत्या आणि अकरा वाजता मी कपाट उघडत होते. पेढा तोंडात टाकला की त्यांची बशी डोळ्यांपुढं यायची. म्हणून मी तो पटकन गिळायची, आणि पटकन गिळला की चव लागत नाही म्हणून दुसरा घ्यायची.

तपासण्या झाल्या. दुर्बीण घालून पोट बघून झालं. मग ज्या गुरुवारी शेवटचं ठरवायचं होतं, त्या गुरुवारी आम्ही दोघी पुन्हा त्या केबिनमध्ये बसलो. नवरा कारखान्याच्या हंगामामुळं येऊ शकला नव्हता. डॉक्टर अहवाल बघत म्हणाले, "अन्ननलिकेला थोडी लाली दिसतेय. जळजळ होते का?"

"कधीमधी," मी म्हणाले.

"गोड?"

"सणावाराला."

"काय ठरवलंय मग तुम्ही?"

"स्लीव्ह," मी म्हणाले. शाळेत हजेरी देताना पोरं म्हणतात तसं, मान खाली घालून.

डॉक्टरांनी पेन उचललं. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "सायेब, म्या बोलू का?"

"बोला की आजी."

"जळजळ हिला रोजच हाय. उशा लावून बसून झोपती. पाठ म्याच चोळून देते, म्हून ठावं हाय." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. टेबलावरच्या प्लास्टिकच्या जठराकडं बघत होत्या. "आन् गोड लई लागतंय हिला. रोज लागतंय. पेढं, गूळ, काय आसंल ते. म्याच देते. नगं म्हणली तरी देते. सवय म्याच लावली. ही सासूचं नाव कशाला घिईल, म्हून बोलंना झालीय. तुमी त्या हिशोबानं सांगा. कोणतं केलं तर साखर जाईल?"

"आजी, मग बायपास," डॉक्टर म्हणाले. "शंकाच नाही."

"मग त्येच करा."

मी त्यांच्याकडं वळले. म्हणाले, "आत्या, नवस?"

"नवस माजा हाय. तू तुज्या पोटाचं बघ."

मुंग्या बघितलेली बाई ती. पुडा कुणाचा, कुठला, तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांना खरं कळायला हवं होतं, आणि मला उघडं पाडायचं नव्हतं. तेव्हा तिनं खरं सगळं सांगितलं आणि फक्त हात स्वतःचा लावला. डॉक्टर त्यांना प्रेमानं रागवले. "आजी, मागच्या वेळी सांगितलं होतं ना मी?" आत्या म्हणाल्या, "चुकलं सायेब." मी शेजारी बसून ते ऐकलं. एक वाक्य पुरलं असतं. मी रोज चाळीस पोरांपुढं खरं बोलावं म्हणून घसा फोडते, आणि तिथं माझ्या घशातून हूं की चूं निघालं नाही.

बाहेर आल्यावर बस यायला वेळ होता. स्टँडवर मी दोन चहा सांगितले. हॉटेलातला चहा साखर घालूनच येतो, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. आत्यांनी वास घेतला आणि कप माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, "वाया कशाला घालायचा."

मी दोन्ही कप प्याले. ते दोन कप मला अजून आठवतात.

ऑपरेशन सोलापुरात झालं. बायपासच. त्यातलं सांगण्यासारखं फारसं नाही. शुद्धीवर आले तेव्हा आत्या खाटेच्या पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत होत्या. नंतरचे दिवस पाण्याचे, मग पेजेचे, मग मऊ भाताचे. सुया बंद झाल्या. साखर बघता बघता खाली आली. शाळेतली पोरं म्हणायला लागली, "बाई, तुम्ही बाईंच्या बहीण दिसता." कपडे ढगळ झाले, अंगठी बोटातून निसटायला लागली, आणि मी फळ्यावर धडा लिहून वर त्याचे प्रश्नही लिहू लागले. गल्लीतले निरोप थांबले. चार घासांत हात धुणारी सवाष्ण कोण बोलावील? त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते रोज सकाळी, आत्यांचं वेगळं पातेलं बघून.

"आत्या, देवीला दुसरं काहीतरी बोला. साडी नेसवू," मी एकदा म्हणाले.

"तिला साड्या ढीगभर हाईत," त्या म्हणाल्या. सहा महिने उलटल्यावर त्यांनी स्वतःच दिवस धरला. साधाच मंगळवार, गर्दी नसलेला. डॉक्टरांना मी फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "एखादा घास चाखा, पण उभ्या राहू नका. आणि एकट्या नको."

तुळजापुरात आमच्या गावचे पिढीजात पुजारी आहेत. त्यांच्याच घरी उतरायचं, त्यांच्याच चुलीवर नैवेद्य करायचा. आत्यांनी सकाळी आंघोळ करून डाळ शिजत घातली आणि माझा हात कशालाही लागू दिला नाही. पुरण पाट्यावर वाटलं. पोळ्या लाटताना त्यांचे खांदे हलत होते आणि पोळी मात्र तव्यावर पुनवेच्या चंद्रासारखी फुगत होती. नैवेद्य घेऊन त्या देवळात जाऊन आल्या. मग मला पाटावर बसवलं. खुर्ची लागली नाही. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, वाकून पाया पडायला लागल्या तेव्हा मी त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, "तुज्या न्हाय पडत. देवीच्या पडते," आणि पडल्या.

ताट भरलेलं होतं. पुरणपोळी, तूप, गुळवणी, कटाची आमटी, भात, कुरडई, भजी. मी भात कालवून दोन घास घेतले, चावून चावून. कुरडईचा तुकडा मोडला. पोळीला हात लावला नाही. नवरा दारात उभा राहून बघत होता.  पोट भरलं. ताट भरलेलंच होतं.

आत्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. मामंजी गेल्यापासून त्या पाटावर कधी बसल्या नाहीत, वाढणाऱ्यांत असतात, जेवणाऱ्यांत नाही. त्यांनी ताटाकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्या कधी आग्रह केला का गं तुला?"

या सगळ्या काळात त्यांनी मला विचारलेला एवढा एकच प्रश्न.

"न्हाय, आत्या," मी म्हणाले. माझ्या तोंडात आपोआप त्यांचीच बोली आली. "कधीच न्हाय."

"मग आज करते."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि माझ्या तोंडापुढं धरला. "माज्याखातर येवढा घे."

मी घेतला. किती महिन्यांनी गोड जिभेला लागत होतं. वेलदोडा, जायफळ, गूळ, आणि त्यांच्या बोटांचा चुलीचा वास. तो घास मी पटकन गिळला नाही. होता होईल तितका तोंडात ठेवला.

थोड्या वेळानं कपाळावर घाम आला. मग पाठीवर. छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले. मी पाटावरून खाली सरकले आणि तिथंच आडवी झाले. आत्यांनी माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. डाव्या हातानं त्या पदरानं वारा घालू लागल्या आणि उजव्या हातानं त्यांनी माझं ताट स्वतःकडं ओढलं.

"आई, उष्टं हाय ते," नवरा दारातून म्हणाला.

"सवाष्णीचं हाय," आत्या म्हणाल्या.

आणि त्या जेवायला लागल्या. सुनेच्या उष्ट्या ताटात, माझ्या डोक्यावरून हात नेत. पोळी गुळवणीत बुडवून, सावकाश. तोंडात पहिला घास गेला तेव्हा पदराचा वारा थोडा वेळ थांबला, मग परत सुरू झाला. मी खालून त्यांची हनुवटी हलताना बघत होते. मला सांगायचं होतं, पेढे माझे होते, डॉक्टरांपुढं तुम्ही माझं घेतलंत ते मी परत मागायला हवं होतं, मी तुमचं नाव घेतलं ते चुकलं. "आत्या," मी म्हणाले.

"पडून ऱ्हा," त्या म्हणाल्या. त्यांनी शेवटी भातही संपवला, आमटीही. बोटानं ताट निपटून घेतलं. मग माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि माझं डोकं अलगद पाटावर टेकवून त्या उठल्या.

"मुंग्या लागायच्या आत ताट म्याच घासून टाकते," त्या म्हणाल्या.